जाम नट, गोल झालेलं डोकं आणि तुमचा डेटा

गेल्या वर्षीचा ऑगस्ट. ब्रह्मपुरीजवळची एक बांधी, घोट्याच्या वर पाणी, धानाची रोवणी होऊन महिना झालेला. मी फळीवर उकिडवी बसले होते आणि समोर ॲक्रिलिकची एक पारदर्शक पेटी होती, जी उघडत नव्हती. सकाळचे साडेदहा. पावसाने उघडीप दिली होती आणि ऊन चढत होतं. पेटीच्या आत धानाचे पाच-सहा चूड हळूहळू वाफवले जात होते.

पीएचडीच्या आधी मला कुणी विचारलं असतं की संशोधनात काय काय यावं लागतं, तर मी सांख्यिकी, प्रोग्रामिंग, पेपर वाचणं असं काहीतरी सांगितलं असतं. जाम झालेला नट काढणं त्यात नक्कीच नव्हतं. म्हणून ही पोस्ट. तुम्ही कुठल्याही प्रायोगिक विषयात शिरणार असाल, तर पहिल्या दोन वर्षांत एकदा तरी या प्रसंगातून जाल.

आधी पेटीबद्दल दोन शब्द. धानाच्या बांधीत पाणी साचलं की चिखलात ऑक्सिजन संपतो आणि तिथले सूक्ष्मजीव मिथेन बनवतात. हा मिथेन बराचसा धानाच्या देठातल्या पोकळ्यांमधून वर येतो. तो मोजायला रोपांवर बंद पेटी ठेवायची, ०, १०, २० आणि ३० मिनिटांनी सिरिंजने आतली हवा काढायची, ती गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये घालायची आणि मिथेन किती वेगाने वाढला ते बघायचं. चिखलात ॲल्युमिनियमची चौकट हंगामभर रुतवून ठेवलेली असते, पेटी फक्त मोजणीपुरती वर बसते. बऱ्याच ठिकाणी चौकटीला पाण्याची खोबण असते. माझ्या चौकटीतून एम-८ मापाचे चार स्टेनलेस बोल्ट वर येतात, त्यावर रबरी गॅस्केट, मग पेटीची कड आणि वर नट. मोजणी झाली की चार नट काढायचे आणि पेटी उचलायची. त्या दिवशी तीन निघाले, चौथा नाही.

मी काय केलं? हातात होता तो ॲडजस्टेबल पाना लावला आणि जोर केला. पाना सटकला. पुन्हा लावला, अजून जोर. पाच मिनिटांत नटाचे सहाही कोपरे गोल झाले होते. म्हणजे आधी एक अडचण होती, आता दोन झाल्या. हे नीट लक्षात घ्या: नट जाम होणं हा अपघात असतो, पण त्याचे कोपरे जाणं हे जवळजवळ नेहमी आपणच करतो, दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात. पहिल्या प्रयत्नाच्या वेळी हातात सगळे पर्याय असतात. प्रत्येक फसलेला प्रयत्न त्यातला एकेक काढून घेतो.

म्हणून पाना उचलण्याआधी रोग ओळखायचा. "निघत नाही" या एका वाक्यात किमान चार वेगळे आजार लपलेले असतात.

पहिला, गंज. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जास्त जागा घेतो. आट्यांमधल्या फटीत तो फुगतो आणि पाचर ठोकल्यासारखा बसतो. दुसरा, दोन वेगळ्या धातूंचा संबंध. ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेसचा बोल्ट आणि वरून चिखलाचं पाणी, म्हणजे छोटीशी बॅटरीच. त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि पांढरी भुकटी आट्यांमध्ये घट्ट बसते. तिसरा, गॅलिंग. हा स्टेनलेसचा खास आजार. स्टेनलेसच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर असतो, तोच त्याला गंजण्यापासून वाचवतो. कोरडा स्टेनलेस नट कोरड्या स्टेनलेस बोल्टवर वेगाने फिरवला की दाबाखाली तो थर खरवडला जातो, आतला उघडा धातू उघड्या धातूला भिडतो आणि दोघं थंडच एकमेकांना चिकटतात. मग नट पुढेही जात नाही, मागेही येत नाही. चौथा आजार अगदी उलटा: नट किंवा स्क्रू छान फिरतो, फिरतच राहतो, पण बाहेर येत नाही. म्हणजे आटे गेले.

माझा आजार तिसरा होता, आणि तो मीच लावून घेतला होता. वेळ वाचवायला मी बॅटरीवरच्या ड्रायव्हरने नट फिरवत होते, झर्रकन.

आता थोडं भौतिकशास्त्र, कारण ते समजलं की हात आपोआप सावध होतो. बोल्ट आवळताना आपण त्याला स्प्रिंगसारखा ताणत असतो. ढोबळ सूत्र असं: टॉर्क म्हणजे ०.२ गुणिले बोल्टचा व्यास गुणिले ताण. एम-८ बोल्टवर १० न्यूटन-मीटर टॉर्क लावला, जो छोट्या पान्यावर मनगटाच्या साध्या जोराने येतो, तर बोल्टमधला ताण ६,२५० न्यूटन होतो, म्हणजे साधारण ६४० किलो वजन लटकल्यासारखा. आणि त्या टॉर्कचा जेमतेम दहावा हिस्सा ताण देण्यात खर्च होतो. निम्मा जातो नटाच्या बुडाच्या घर्षणात, उरलेला आट्यांच्या घर्षणात. याचा अर्थ, नट काढताना तुमची लढाई मुख्यतः घर्षणाशी आहे. घर्षण कमी करा, मग जोर कमी लागेल. जोर वाढवण्याचा नंबर शेवटचा.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे योग्य पाना, आणि यावरच लोक घसरतात. एम-६ ला १०चा, एम-८ ला १३चा, एम-१० ला बहुतेकदा १७चा. पण तुमच्या विभागातलं उपकरण अमेरिकन असेल तर मापं इंचात असतात. अर्ध्या इंचाचा नट १२.७ मिलिमीटरचा असतो. त्यावर १३चा पाना "बसतो" आणि कोपरे खातो. एलन कीमध्येही तेच: एक अष्टमांश इंच म्हणजे ३.१७५ मिलिमीटर, त्यात ३ची की खुळखुळते आणि खाच गोल करते. फिक्स पान्यापेक्षा रिंग पाना चांगला, आणि रिंगमध्येही बारा कोनांपेक्षा सहा कोनांचा, कारण तो कोपऱ्यावर नव्हे तर नटाच्या सपाट बाजूवर जोर देतो. ॲडजस्टेबल पाना हा नळ दुरुस्तीचा पाना आहे. मी आता तो बॅगेत ठेवतच नाही.

स्टार स्क्रूची गोष्ट वेगळी. ज्याला आपण स्टार म्हणतो तो फिलिप्स स्क्रू, अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्स यांचं १९३६चं पेटंट. त्याच्या खाचेच्या भिंती उतरत्या आहेत, त्यामुळे जोर लावला की पेचकस वर चढून बाहेर सटकतो. जुन्या जपानी उपकरणांवर दिसायला तसाच, पण जरा वेगळ्या आकाराचा जपानी मानकाचा स्क्रू असतो (डोक्यावर कधी कधी एक बारीक टिंब असतं). त्यात साधा फिलिप्स पेचकस तळापर्यंत जात नाही आणि खाच खरवडतो. पेचकसाचं टोक खाचेत बसवून हलवून बघा. हललं तर माप चुकलंय. आणि फिरवण्यापेक्षा दाबण्यात जास्त जोर घाला.

माप बरोबर असूनही हलत नसेल तर आधी किंचित आवळा. वेडेपणा वाटतो, पण गंजाचा सांधा कुठल्याही दिशेने तुटला तरी चालतो. थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा पुढे. या वेळी हाताला काय जाणवतंय तिकडे लक्ष ठेवा. नट सुटतो तेव्हा "टक्" असं होतं. पण बोल्ट फिरतोय आणि जोर मात्र वाढत नाहीये, रबरासारखं मऊ लागतंय, तर तो सुटत नाहीये, पिळवटतोय. तिथेच थांबा. अजून पाव फेरा, आणि डोकं हातात येईल.

त्यानंतर तेल. डब्ल्यूडी-४० सगळ्यांना माहीत आहे. सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीत १९५३ साली ते बनलं, ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला पाण्यापासून वाचवायला. नावातच पाणी हटवणं आहे. जाम नटासाठी खास पेनिट्रेटिंग ऑइल त्याहून बरं. कुठलंही घ्या, खरा मुद्दा वेळेचा आहे. बारीक फटीत द्रव केशाकर्षणाने शिरतो आणि ल्युकस-वॉशबर्न नियमानुसार शिरलेल्या अंतराचा वर्ग वेळेच्या प्रमाणात असतो. म्हणजे दुप्पट खोल जायला चौपट वेळ. दोन मिनिटं थांबून पाना लावणाऱ्याचं तेल पहिल्या आट्यातच असतं. संध्याकाळी घाला, हातोडीने चार हलके ठोके द्या म्हणजे गंजाला भेगा पडतील, रात्री झोपा, सकाळी बघा. गॅलिंगवर मात्र तेलाचा फारसा उपयोग नाही, कारण तिथे आत शिरायला फटच उरलेली नसते.

मग उष्णता. गरम करायचा तो नट, बोल्ट नाही. नट प्रसरण पावला की त्याचं छिद्र मोठं होतं. किती? ८ मिलिमीटर व्यास, ३०० अंशांची वाढ, पोलादाचा प्रसरणांक अंशाला १२ दशलक्षांश, म्हणजे जवळपास ०.०३ मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही, पण गंजाची पकड मोडायला पुरतं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे ॲल्युमिनियममध्ये अडकलेल्या पोलादी बोल्टला हा उपाय छान लागू पडतो. पण ॲल्युमिनियम लाल न होताच ६६० अंशांना वितळतं, म्हणून सांभाळून. तेल घातलेल्या जागी ज्योत नेऊ नका. जस्ताचा मुलामा असलेला नट तापवला की जो धूर येतो त्याने ताप भरतो. आणि क्लोरीनयुक्त क्लीनर मारलेल्या जागी तर आग अजिबात नको, त्यातून फॉस्जीन तयार होऊ शकतो.

कोपरे गेलेच असतील तर पकड बदलायची. व्हाइस ग्रिप पक्कड घट्ट लॉक करून बघा. कानशीने नटाला दोन समांतर सपाट बाजू करा आणि एक नंबर लहान पाना लावा. स्क्रूची खाच गेली असेल तर हॅकसॉच्या पात्याने डोक्यावर सरळ खाच पाडा आणि चपटा पेचकस वापरा. हातोड्याने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळाला तर उत्तम: ठोका बसतो तेव्हा टोक खाली दाबलं जातं आणि त्याच क्षणी फिरतंही. आटे गेलेला स्क्रू नुसता फिरत असेल तर डोक्याखाली पातळ पातं घालून वर उचलत उचलत फिरवा. आणि ज्याला वेल्डिंग येतं त्याच्या हाती हुकमी उपाय असतो: तुटलेल्या बोल्टवर नवा नट ठेवून आतून वेल्ड करायचं. पकडायला नवं डोकं मिळतं, वर वेल्डची उष्णता फुकट.

एक्स्ट्रॅक्टरबद्दल मात्र माझं मत जरा कडू आहे. बोल्टच्या मध्यात छिद्र पाडायचं आणि त्यात उलट्या पिळाचं हे कडक पोलादी टोक घालून फिरवायचं, अशी ही युक्ती. डोकं गेलेल्या पण घट्ट नसलेल्या स्क्रूला ती चालते. पण ज्या बोल्टने जाड डोकं तोडून घेतलं, तो त्याच्या पोटात घातलेल्या बारीक एक्स्ट्रॅक्टरला का सोडेल? एक्स्ट्रॅक्टर आत तुटला तर तो इतका कडक असतो की साधं ड्रिल त्यावर नुसतं घासत राहतं. मग कार्बाइड ड्रिल किंवा स्पार्क इरोजन मशीन, म्हणजे आमच्याकडून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असलेलं नागपूर.

आता परत बांधीत. एव्हाना तुम्हाला वाटलं असेल की एवढे उपाय आहेत तर हिचं अडलं कुठे? प्रत्येक उपायाला मी नाही म्हणत होते, तिथे. ज्योत नको, कारण ॲक्रिलिक. ॲसिटोन आणि गिअर ऑइलचं मिश्रण (हे गॅरेजवाल्यांचं आवडतं) नको, कारण ॲसिटोनने ॲक्रिलिकला बारीक चिरा पडतात आणि ते विरघळतं. हातोडा नको, कारण चिखल हादरला की त्यातले मिथेनचे बुडबुडे एकदम सुटतात. एरवी आम्ही पायसुद्धा चिखलात न टाकता फळीवरून चालतो. आणि पेनिट्रेटिंग ऑइल तर मुळीच नको. आमच्या क्रोमॅटोग्राफचा फ्लेम आयोनायझेशन डिटेक्टर हायड्रोकार्बन जाळून मोजतो, आणि ते तेल म्हणजे हायड्रोकार्बनच. मिथेनचं शिखर आधी येऊन जाईल, पण मागून तेलाचे जड रेणू रेंगाळत येणार, कॉलम खराब करणार, आणि गॅस्केटच्या रबरात मुरलेलं तेल पुढचे कित्येक आठवडे वाफ सोडत राहणार.

तुमच्या प्रयोगशाळेत ही यादी वेगळी असेल. निर्वात कक्षावर काम करणाऱ्याला तेलाचा एक थेंब कित्येक दिवस पुरतो. अतिनिर्वात उपकरणात म्हणूनच चांदीचा मुलामा दिलेले बोल्ट वापरतात, तेल न लावता गॅलिंग टाळायला. पाण्यातले सूक्ष्म धातू मोजणाऱ्याला तेलापेक्षा करवतीचा किस महागात पडेल. गॅरेजवाला विचारतो, "हा निघेल कशाने?" तुम्हाला विचारायचं असतं, "काढल्यावर मागे काय उरेल?" आणि हे फळीवर उकिडवं बसून नव्हे, आदल्या दिवशी.

मी आदल्या दिवशी विचारलं नव्हतं. पेटीवरची थर्मामीटरची आणि पंख्याची रबरी बुचं काढून गरम हवेला वाट दिली, शेतमालक काकांनी ओलं पोतं आणून वर टाकलं, आणि गावातल्या ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्या भाऊंना फोन केला. ते आले, नटाकडे बघितलं, बोटाने चाचपलं.

"म्याडम, याले कायले जोर लावता? हा आता नट नाही राह्यला, बोल्टच झाला."

त्यांचा हात तेलाच्या डब्याकडे गेला आणि मी ओरडलेच. तेल का नको ते सांगितलं. त्यांनी जरा विचार केला. "मंग पाण्यानं चालन का?"

चाललं. त्यांनी पेटीच्या कडेवर पत्र्याचा तुकडा सरकवला, भोवती ओल्या मातीचं कडं केलं म्हणजे किस त्यात पडेल, आणि हॅकसॉचं नवं पातं नुसतं कापडात धरून नट कापायला घेतला, बोल्टच्या अक्षाला समांतर. हे अवघड वाटतं, पण हिशेब करा: नट १३चा, बोल्ट ८चा, म्हणजे सपाट बाजूला धातूची भिंत फक्त अडीच मिलिमीटर. स्टेनलेस घासला की आणखी कडक होतो, म्हणून घाईने पातं चालवायचं नाही. सावकाश, दाबून, मधूनमधून पाण्याचा थेंब. समोरासमोरच्या दोन बाजू कापल्या. मग छिन्नी ठोकली नाही, खाचेत घालून नुसती पिळली. दुसऱ्या पिळाला नटाचे दोन तुकडे झाले. चाळीस मिनिटं लागली. हेच काम नट स्प्लिटर नावाचं अवजार दोन मिनिटांत करतं, ते मी नंतर घेतलं.

रोपं वाचली, पानांची टोकं तेवढी करपली. धान एचएमटी होतं, आमच्याच जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी निवडून काढलेलं वाण, ज्याला नाव मिळालं ते घड्याळाच्या कंपनीवरून. त्या चौकटीतले त्या दिवशीचे चार नमुने मोजणीत धरता आले, कारण ते नट अडकण्याआधी घेतले होते. पुढच्या आठवड्याचं वाचन मात्र मी विश्लेषणातून वगळलं. रोपं तासाहून जास्त वेळ तापली होती आणि आम्ही दोघांनी चौकटीशेजारी चिखल तुडवला होता. वहीत कारण, वेळ आणि बुचं कधी काढली ते सगळं लिहिलं. माझ्या मार्गदर्शकांनी आकडा कमी झाला म्हणून काही म्हटलं नाही. बॅटरीचा ड्रायव्हर कुणाच्या डोक्यातून आला, एवढंच विचारलं.

आता माझ्या बोल्टवर पितळी नट असतात. वेगळा, मऊ धातू असल्याने स्टेनलेसशी तो चिकटत नाही, आणि ब्रह्मपुरीच्या साध्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. आवळायचा हाताने, मग पान्याने पाव फेरा. गॅस्केट दाबायला तेवढं पुरतं. जिथे तेलाची अडचण नाही तिथे स्टेनलेसला निकेलयुक्त अँटीसीझ लावा. आटे कायमचे गेले असतील तर एक माप मोठा टॅप मारता येतो किंवा हेलिकॉइल बसवता येते. टॅपआधीचं ड्रिल काढायचं सूत्र सोपं आहे, व्यासातून आट्याचं अंतर वजा: एम-६ला ५, एम-८ला ६.८ मिलिमीटर.

त्या नटाचे दोन तुकडे माझ्या टेबलावर आहेत. साध्या भिंगाखाली धरले की दिसतं: वरचे दोन आटे धारदार आणि चकचकीत, खालच्यांमध्ये धातू लोण्यासारखा ओढला जाऊन पुढच्या आट्यावर चढलेला. लाल कण नाही, पांढरी भुकटी नाही. तुमच्या हाती कधी असा अडकलेला नट लागला तर फेकू नका, आडवा कापून बघा.